चकलीची दाढ आणि बाबांचे प्रश्न

डोळ्याखालची सूज

चकलीच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली, तेव्हा आम्हाला वाटलं गांधीलमाशी चावली असेल. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला पोळं होतं आणि चकलीला दिसेल तिथे नाक खुपसायची सवय. बाबांनी हळद लावली. दोन दिवसांत सूज उतरली, आठवड्याने पुन्हा आली.

चकली म्हणजे आमची कुत्री. गावठी, तपकिरी, शेपटीला पक्कं वेटोळं, म्हणून चकली. नाव आईने ठेवलं. विदर्भात वरोऱ्याला आमच्या दारात ती ओंजळीत मावेल एवढी असताना आली आणि आईने दुधात पोळी कुस्करून तिला वाढवलं. आई गेल्यावर वर्षभराने मी बाबांना पुण्याला आणलं. ते एकाच अटीवर आले, चकली बरोबर येणार.

मी हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. सकाळी कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी अमेरिकेतला क्लायंट फोनवर यायची वाट बघायची. दिवसभर घरात बाबा आणि चकली. बाबा चौसष्टचे आणि चकली दहाची. "आम्ही दोघं बरोबरीचे," असं बाबा म्हणायचे.

आता मागे वळून बघताना कळतं की ती सूज येण्याआधी वर्षभर चकली आम्हाला सांगत होती. तोंडाला वास येत होता. पोळीचा कडक तुकडा ती मान वाकडी करून एकाच बाजूने चावायची, अर्धा खाली सांडायची. चेंडू तोंडात धरायची बंद झाली होती. आम्ही एकमेकांना म्हणायचो, म्हातारी झाली. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांना मला पहिल्यांदा हेच सांगायचं आहे. म्हातारपण हा काही आजार नाही. त्याच्याआड खरा आजार दिसेनासा होतो, एवढंच.

निदानाचा दिवस

शनिवारी मी दोघांना घेऊन डॉ. बर्वेंकडे गेले. एका बंगल्याच्या तळमजल्यावर त्यांचा जनावरांचा दवाखाना होता. पन्नाशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी चकलीचा वरचा ओठ उचलला, टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं.

"दिसतंय? ही मोठी दाढ. चिरली आहे. मुळाशी पू झालाय, तो वर डोळ्याखाली साठतोय. डोळ्याचा काही संबंध नाही."

"मग औषधाने..."

"औषधाने पंधरा दिवस गप्प बसेल. दाढ काढावी लागेल. आणखी दोन दातही खिळखिळे झालेत. बाकीचे हिरड्यांच्या आतपर्यंत साफ करावे लागतील. पूर्ण भूल देऊन."

भूल हा शब्द ऐकताच बाबा उठले. त्यांनी टेबलावरून चकलीला उचललं, खाली ठेवलं, पट्टा लावला आणि दाराबाहेर गेले. मी डॉक्टरांची माफी मागितली. आमच्या घरात भुलीवरून काय झालंय ते दोन वाक्यांत सांगितलं.

 कागदावर औषध लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "वडिलांना वेळ द्या. दाढेला मात्र फार देऊ नका."

आई

आमच्या घरात भुलीवरून जे झालं, ते असं.

आईच्या पित्ताशयात खडे होते. साधं ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी, असं सांगितलं होतं. सकाळी एका माणसाने बाबांसमोर कागद धरला. "इथं सही करा." बाबांनी केली. आईने जाताना चकलीला दूध द्यायची आठवण केली. दुपारी दुसऱ्याच कोणीतरी येऊन सांगितलं की भुलीत असताना हृदय थांबलं, खूप प्रयत्न केले.

काय प्रयत्न केले, कधी थांबलं, कोणाच्या लक्षात आलं, यातलं काहीच कळलं नाही. ज्यांनी भूल दिली त्यांचं तोंडही आम्ही पाहिलं नाही. कोणाची चूक होती की नव्हती, हे मी आजही सांगू शकत नाही. चूक नसेलही. पण कोणीतरी समोर बसून सांगायला हवं होतं.

माझा मोठा भाऊ नागपूरला शाळेत शिक्षक आहे. तो बाबांना त्या दिवशी एकच वाक्य बोलला, "तुम्ही न वाचता सही काहून केली?" त्यानंतर दोघं कामापुरतं बोलत. फोन यायचा तो माझ्याकडे, आणि बाबांची चौकशी व्हायची ती माझ्यामार्फत.

भुलीशिवायचा उपाय

फिरायला गेलेले बाबा एका संध्याकाळी उत्साहात परत आले. आमच्याच भागात कुत्र्यांना आंघोळ घालणारं एक दुकान होतं. तिथे दात साफ करून देत होते, भूल न देता.

मी डॉक्टरांना विचारायला हवं होतं. नाही विचारलं. ऑफिसात कामाचा ढीग होता, बाबा पुष्कळ दिवसांनी कशाबद्दल तरी आनंदात होते आणि मलाही मनातून तेच हवं होतं.

रविवारी गेलो. दोघांनी चकलीला टेबलावर दाबून धरलं, त्यातल्याच एकाने टॉवेलने डोळे झाकले आणि तिसऱ्याने लोखंडी आकड्याने दात खरवडायला सुरुवात केली. चकली आधी थरथरली. मग तिने टेबलावरच लघवी केली. मग जन्मात कोणाला न चावलेली ती कुत्री त्या माणसाच्या हातावर झेपावली. तिच्या हिरडीतून रक्त येत होतं. मी थांबा म्हणाले, तर ते म्हणाले, झालंच ताई. खरंच लगेच झालं. दात पांढरेशुभ्र दिसत होते.

रिक्षात बाबांनी तिला मांडीवर घेतलं होतं. घरी येईपर्यंत ती कापत होती आणि बाबा तिच्याकडे न बघता बाहेर बघत होते.

बाराव्या दिवशी सूज फुटली. डोळ्याखालून पू वाहू लागला. दात तसेच पांढरेशुभ्र होते. आणि आता ती तोंडाजवळ कोणाचाही हात येऊ देईना. बाबांचाही नाही. बाबांनी गाल पुसायला कापूस पुढे केला तशी ती गुरगुरत पलंगाखाली गेली.

बाबा कापूस हातात घेऊन जमिनीवर बसून राहिले. ते वीज मंडळात लाइनमन होते, तीस वर्षं खांबांवर चढले. त्यांना बोलायचं असलं की ते त्या कामातलंच बोलतात.

"बाहेरून रंग मारला न् आत वायर जळतच होती," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाईले फोन लाव. पण मी येणार. आन् या वेळी मी विचारणार."

प्रश्न

बाबांनी प्रश्न कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहून घेतले होते. डॉ. बर्वेंनी आम्हाला दुपारी, बाकीचे पेशंट संपल्यावर बोलावलं. आधी चकलीला पाहिलं, सुजेवर औषध दिलं आणि मग बाबांना खुर्ची दिली. बाहेरच्या माणसांशी बोलताना बाबा शाळेच्या पुस्तकातली मराठी बोलतात.

"तिचं हृदय भूल सहन करील, हे कशावरून?"

"आज मला माहीत नाही, काका. तपासल्यावर सांगते. रक्त, मूत्रपिंड, यकृत, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी. हृदयात बारीकसा आवाज येतोय, तो कानाला कळतोय. त्यामुळे तपासल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"धोका काहीच नाही, असं होईल का?"

"नाही. धोका शून्य आहे म्हणणारा डॉक्टर भेटला, तर त्याच्याकडे जाऊ नका."

बाबांनी मान हलवली आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "तुमचे दोन्ही हात तिच्या तोंडात असणार. तेव्हा तिच्या श्वासाकडे कोण बघणार?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे मला सहसा कोणी विचारत नाही." त्यांनी आतून लताताईंना बोलावलं. चाळिशीच्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या बाई. "या लताताई. दातांचं काम मी करते. या फक्त भूल बघतात. श्वास, नाडी, रक्तदाब, अंगाचं तापमान, दर पाच मिनिटांनी कागदावर लिहायचं. त्या वेळात त्यांनी मला साधी कात्रीसुद्धा द्यायची नाही."

बाबा लताताईंकडे वळून म्हणाले, "आमच्यातही असंच. एक वर खांबावर, एक खाली. खालच्याने दुसरीकडे बघायचं नाही."

"मी बघत नाही," लताताई म्हणाल्या.

मग नळीबद्दल विचारलं. भूल लागल्यावर श्वासनलिकेत नळी घालतात, ती कशाला? डॉक्टरांनी ती नळी हातात दिली. दात साफ करताना पाणी उडतं, पू आणि रक्त असतं, ते घशातून फुफ्फुसात उतरू नये म्हणून नळीभोवती छोटा फुगा फुगवतात. त्याच नळीतून प्राणवायू आणि भूल जाते. काही बिघडलं तर श्वास देता येतो. बाबांनी फुगा फुगवून बघितला, सोडून बघितला. दुकानात चकलीच्या तोंडातलं रक्त कुठे गेलं असेल, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं.

"आणि वीज गेली तर?"

ते दिवस भारनियमनाचे होते. "गुरुवारी जाते, म्हणून गुरुवारी ऑपरेशन नाही," डॉक्टर म्हणाल्या. "इतर दिवशी इन्व्हर्टर आहे. प्राणवायूच्या सिलिंडरला वीज लागत नाही."

"इन्व्हर्टर बघू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टर त्यांना घेऊन मागच्या खोलीत गेल्या. बाबा बॅटरीपुढे उकिडवे बसले, झाकण काढून आत डोकावले आणि म्हणाले, "पाणी कमी आहे."

"आजच घालून घेते," डॉक्टर म्हणाल्या. "आणखी काही? प्रश्न संपले की सांगा, मग चहा मागवते."

दोन राहिले होते. "मध्येच थांबायची वेळ आली तर थांबाल?"

"थांबेन. काम अर्धं राहिलं तरी थांबेन. दात पुन्हा काढता येतो."

शेवटचा प्रश्न बाबांनी कागदाकडे न बघता विचारला. पुस्तकातली मराठी तिथे सुटली. "अन् ती गेलीच, तर मले सांगायले कोन येणार?"

  डॉक्टर त्यांच्याकडेच बघत होत्या.

"मी येणार. दुसरं कोणी नाही. काय झालं ते पहिल्यापासून सांगणार आणि तुम्ही विचाराल तेवढा वेळ बसणार."

बाबांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "चहा चालेल," ते म्हणाले.

बुधवार

तपासण्या झाल्या. मूत्रपिंड ठीक, यकृत ठीक, हृदयाची झडप किंचित सैल. भूल देता येईल, पण जपून आणि कमीत कमी वेळ. बुधवार ठरला.

ऑफिसात त्या दिवशी नव्या सॉफ्टवेअरची रिलीज होती. मॅनेजरकडे ऑपरेशनसाठी सुट्टी मागितली तर त्याने विचारलं, "घरात कोणाचं ऑपरेशन?" मी म्हणाले, "चकलीचं." त्याला ती माझी बहीण वाटली असावी. मी दुरुस्ती केली नाही.

आदल्या संध्याकाळी सातनंतर चकलीला खायला द्यायचं नव्हतं. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासात जाऊ शकते. बाबांनीही जेवण केलं नाही. मी रागावले, तर म्हणाले, "ती पाहून राहिली ना माझ्या ताटाकडे."

सकाळी आठला दवाखान्यात पोचलो. वजन केलं. पुढच्या पायावरचे केस काढून शिरेत सुई लावली. लताताईंनी संमतीचा कागद बाबांसमोर ठेवला आणि त्या निघून गेल्या नाहीत, शेजारी उभ्या राहिल्या. बाबांनी ओळीखाली बोट धरून तो कागद पूर्ण वाचला. दोन ठिकाणी विचारलं. मग सही केली. सही करताना हात थोडा थांबला. मी दुसरीकडे बघितलं.

चकली लताताईंच्या मागून आत गेली. दारापाशी तिने एकदा वळून पाहिलं. बाबा म्हणाले, "जा. मी इथंच आहो."

दाराला काचेची छोटी खिडकी होती. दर पंधरा मिनिटांनी लताताई जागेवरूनच हात वर करून अंगठा दाखवायच्या, असं ठरलं होतं. ही कल्पना त्यांचीच. आजारपणात माणसाला मोठ्या धीरापेक्षा असल्या छोट्या सोयींनी जास्त बळ येतं. पहिला अंगठा दिसला. दुसरा दिसला. बाबा घड्याळ मांडीवर ठेवून बसले होते.

तिसरा दिसला नाही.

बाबा उठून काचेपाशी गेले. मी मागे. आतमध्ये डॉक्टरांनी हातातलं अवजार खाली ठेवलेलं दिसत होतं. दोघी वाकल्या होत्या. लताताई नळीला जोडलेली पिशवी हाताने दाबत होत्या, डॉक्टर सलाइनची चकती फिरवत होत्या. कोणाची धावपळ नव्हती. बाबांचा तळहात काचेवर टेकलेला होता आणि काचेवर त्याची वाफ उमटली होती. मला आई आठवली नाही. मला फक्त बाबांची भीती वाटत होती, की आता यांना हे दुसऱ्यांदा कसं झेपेल.

किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. बाबांनी नंतर सांगितलं, अकरा मिनिटं. दार उघडून डॉ. बर्वे स्वतः बाहेर आल्या.

"चकली ठीक आहे," त्यांनी आधी ते सांगितलं. "रक्तदाब खाली येत होता. लताताईंच्या लगेच लक्षात आलं. भूल कमी केली, सलाइन वाढवलं, आता वर आलाय. मोठी दाढ निघाली, तिथे टाके घातलेत. बाकीचं आज करणार नाही. तिला उठवते आहे. आत या."

"मी?" बाबा म्हणाले.

"तुम्हीच. तिला ओळखीचं माणूस दिसू दे."

जाग

चकली गादीवर कुशीवर होती. अंगावर घोंगडी, दोन्ही बाजूंना टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या आणि चारही पायांत लहान बाळाचे लोकरीचे मोजे. भुलीत अंग फार लवकर गार पडतं, म्हणून. तिने एकदा आवंढा गिळला, तशी लताताईंनी अलगद नळी काढली.

मग ती रडायला लागली. लांब, पोरक्यासारखा आवाज. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की जागं होताना रडेल, ती गुंगी असते, दुखण्यावरचं औषध दिलेलं आहे. ते सांगितलं नसतं तर मी तिथेच कोसळले असते. बाबा जमिनीवर बसले, तिच्या तोंडाजवळ हात न नेता पाठीवर ठेवला आणि तिच्याशी बोलत राहिले. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांत आवाज थांबला. तासाभरात तिने मान उचलली. दुपारी ती उभी राहिली, तोल गेला, पुन्हा उभी राहिली. मोजे घातलेले पाय टाकत तीन पावलं चालली.

लताताईंनी दर पाच मिनिटांच्या नोंदींचा कागद बाबांना दाखवला. आकडे कुठे घसरले, कुठे सावरले, बोट ठेवून सांगितलं. बाबांनी तो दोनदा पाहिला.

दादाचा फोन

संध्याकाळी दादाचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे अर्धंच केलं? पुन्हा भूल देणार? फसवून राहिले तुम्हाला. आईच्या वेळी कळलं नाही, आता तरी कळू द्या."

बाबा समोरच होते. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला. दोन वर्षांत प्रथमच ते स्वतःहून त्याच्याशी बोलत होते.

"ऐक," ते म्हणाले. "ती बाई अर्ध्यावर थांबली. म्हणून माझा भरवसा बसला." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हो. मी नाही वाचलं. मले वाटलं, विचारलं तर रागावतील न् तुझ्या आईकडे नीट पाहणार नाहीत. म्हणून नाही विचारलं."

हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं.

पलीकडून दादा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. बाबा म्हणाले, "नको रडू. ये इकडे. दुसऱ्या खेपेला तू बस माझ्याजवळ."

दुसरी खेप

सहा आठवड्यांनी ती खेप आली. तोवर चकलीच्या हृदयाची सोनोग्राफी झाली, गोळ्या सुरू झाल्या, भुलीची औषधं बदलायचं ठरलं. जखम भरली होती. डोळ्याखालचा खड्डाही भरून केस उगवले होते.

दादा नागपूरहून बसने आला. सकाळी तिघं बाकावर बसलो, बाबा मधे. दादाने संमतीचा कागद मागून घेतला, वाचला आणि बाबांना परत दिला. "सही तुम्हीच करा," तो म्हणाला. बाबांनी केली.

पहिला अंगठा. दुसरा. तिसरा. तिसऱ्याला दादाने नकळत आपलाही अंगठा वर केला. पाऊण तासात काम संपलं. दोन दात काढले, बाकीचे मुळापर्यंत साफ झाले. ती जागी झाली तेव्हा या वेळी कमी रडली आणि दुपारी घरी येताना रिक्षातून तिने डोकं बाहेर काढलं.

जे उरलं ते

याला आता दीड वर्ष झालं. चकली बारा वर्षांची आहे. तोंडाचा वास गेला. चेंडू धरते, पण सोडत नाही. तोंडाला हात लावू द्यायला तिने चार महिने घेतले. ती भीती भुलीमुळे आलेली नव्हती, त्या रविवारच्या दुकानातून आलेली होती, आणि तिचा दोष माझ्याकडेच येतो. बाबा रोज बोटावर मऊ कापड गुंडाळून तिचे दात पुसायचे. पहिल्या महिन्यात एकच दात, तोही तिची मर्जी असेल तर. आता ब्रश चालतो. ब्रश बघितला की ती पलंगाखाली जायच्या ऐवजी बाबांसमोर येऊन बसते, कारण त्यानंतर उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळतो.

कोणी मला विचारलं की म्हाताऱ्या जनावराला भूल द्यावी का, तर मी हो किंवा नाही म्हणत नाही. ते डॉक्टरांचं काम. मी एवढंच सांगते की आधी तपासण्या करा म्हणावं, आणि भूल बघायला वेगळं माणूस आहे का, ते विचारा. विचारताना लाजू नका. जो डॉक्टर प्रश्नांना चिडतो, त्याच्या दारातून परत यायला हरकत नाही. आणि आपल्याला भीती वाटते म्हणून जनावराला दुखत ठेवू नका. आमच्या चकलीला वर्षभर दाढ दुखत होती आणि ती आमच्या पायाशी बसून शेपटी हलवत होती.

मागच्या महिन्यात बाबांनी मला बोलावलं आणि शर्ट वर केला. पोटाच्या खाली डाव्या बाजूला हर्निया होता. तीन वर्षं होता. ऑपरेशनला भूल लागेल म्हणून त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. 

"करून टाकू म्हणतो," ते म्हणाले. "तू एक दिवस सुट्टी घे."

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आम्ही भूलतज्ज्ञांना भेटलो. तरुण मुलगा होता, तिशीतला. बाबांनी खिशातून कागद काढला. त्याने सगळी उत्तरं दिली, एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. मग त्याने आपला फॉर्म पुढे ओढला.

"काका, यापूर्वी भूल दिली होती कधी? तुम्हाला किंवा घरात कोणाला?"

"मला नाही," बाबा पुस्तकातल्या मराठीत म्हणाले. "घरात तीन वेळा. एक अनुभव वाईट, दोन चांगले."

डॉक्टरने ते लिहून घेतलं.